कुंपणाखालचं भोक

चंद्रावतीला गुप्तहेर म्हणणाऱ्यांनी आधी तिचा चष्मा बघावा. एक दांडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी, आणि ती सुतळी कानामागून फिरवून अंबाड्यात खोचलेली. या चष्म्यातून ती देशाची गुपितं बघत होती म्हणे. कागदावर तसं लिहिलंय, शिक्क्यासकट. मी स्वतः वाचलंय, कारण तिला आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो.

मी दत्तात्रेय, राहणार रामवाडी. पेणमध्ये एका सरकारी कचेरीच्या भिंतीला टेबल लावून तेवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. कुठली कचेरी ते सांगत नाही. भिंत त्यांची आहे, उद्या टेबल उचलायला लावतील. वारसाचे, मोजणीचे, हरवलेल्या रेशनकार्डाचे, हजारो अर्ज लिहिले असतील. पण 'बांधाचे भोक बुजवण्याची परवानगी मिळावी' असा अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदा गेल्या भाद्रपदात लिहिला, आणि तोही पाच वेळा. त्या पाच अर्जांनी माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. तेव्हा मी हे शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

चंद्रावती खारजांभेळची. पेणहून खाडीकडे जाणारा रस्ता जिथे संपतो तिथे हे गाव. तिचं माहेर मिठागरावरचं. बाप मीठ ओढायचा, आई टोपल्या वाहायची, आणि ही सातवीपर्यंत शाळेत जाऊन उरलेल्या वेळात दोघांना मदत करायची. सतराव्या वर्षी काळुरामशी लग्न झालं. काळुराम गावचा बांध राखायचा.

बाहेरच्या माणसाला हे काम कळत नाही म्हणून सांगतो. खारजांभेळची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये काय, तर साडेतीन किलोमीटरचा मातीचा बांध. त्याला खेकडे भोकं पाडतात. भोकातून खारं पाणी झिरपतं, झिरपून झिरपून बांध आतून पोकळ होतो आणि मोठ्या उधाणाला एक दिवस खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की त्या सालचं भात तर गेलंच, पुढची तीन वर्षंही जमीन तोंड उघडत नाही. म्हणून बांधावरून रोज एक माणूस चालतो. गाव त्याला वर्षाला भात देतं आणि त्याच्या भरवशावर घरात झोपतं.

चालणाऱ्याला भोक दिसलं की त्याच्या बरोब्बर तोंडावर बांबू रोवायचा आणि त्याला लाल चिंधी बांधायची, ही तिथली रीत. चिंधीला एक गाठ असली तर खेकड्याचं बीळ, एकटा माणूस बुजवेल. दोन गाठी असल्या तर हात जाईल एवढं भोक, चार माणसं हवीत. आणि तीन गाठी दिसल्या की हातातलं ताट खाली ठेवून सगळ्यांनी घमेली घेऊन पळायचं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. सांगावं लागलं ते फक्त साहेबलोकांना.

अकरा वर्षांपूर्वी काळुराम बांधावरच गेला, फुरसं चावून. तेराव्यानंतर गावकीची बैठक बसली, आता बांध कुणी राखायचा म्हणून. पुरुषमंडळी दोन तास एकमेकांची तोंडं बघत होती. चिखलातून रोज साडेतीन किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, कोण करणार? चंद्रावतीने कोपऱ्यातली कोयती उचलली आणि निघाली. तेव्हा पाठीमागून फिदीफिदी हसले त्यांची नावं मला ठाऊक आहेत. त्यांच्याच शेतात पुढची अकरा वर्षं खाऱ्या पाण्याचा थेंब शिरला नाही, हेही ठाऊक आहे.

मग तिचे गुडघे गेले. चिखलात चालून चालून जाणारच. पेणच्या डॉक्टरने सांगितलं, दोन्ही बदला, आणि बदलल्यावर चिखलात पाय घालायचा नाही. ती मला सांगत होती, "चिखलात जायाचा नाय तर बदलून काय त्यांची पूजा करू?"

तिचा मुलगा हर्षद रोह्याला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. त्याने लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मित्राकडून एक जुना ड्रोन आणला. तळहाताएवढा, आणि इतका हलका की त्याला परवाना लागत नाही. पोरगा बापासारखाच सरळ. आईच्या हातात द्यायच्या आधी त्याने मोबाईलवर सरकारी नकाशा उघडून बघितला. कुठे उडवायचं, कुठे नाही, ते त्यात रंगाने दाखवलेलं असतं. खारजांभेळ हिरवं. हिरवं म्हणजे खुशाल उडवा.

पंधरा दिवसांत बाई शिकली. बांधावर घमेलं पालथं घालून त्यावर बसायची, मोबाईलवर पदराची सावली धरायची आणि ड्रोन सोडायची. भोक जमिनीवरून सहसा दिसत नाही, पण खारं पाणी झिरपलं की पुढचं भात पिवळं पडतं. वरून बघितलं की हिरव्या शेतात पिवळी रेघ दिसते आणि रेघ जिथे संपते तिथे भोक. दोन पावसाळे तिने असा बांध राखला. पारावर बसून 'चंद्राबाय आता इमान चालवते' म्हणत मंडळी पुन्हा हसली. हसण्यापलीकडे त्या पाराने काही केल्याचं मला आठवत नाही.

आता डेपो, लष्कराचा. डेपोत काय आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं, एक आरोपी पुरे. पण डेपो आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. एसटीचा थांबा 'डेपो फाटा'. कंडक्टर बोंबलतो, "डेपोवाले उतरा!" फाट्यावर डेपो वडापाव सेंटर आहे, वडा बरा असतो. खारजांभेळची इंदुबाई पंधरा वर्षं तिथे दूध घालते. फक्त सरकारी कागदावर डेपो नाही.

पाच वर्षांपूर्वी हा नसलेला डेपो वाढला. वाढत वाढत गावच्या बांधापर्यंत आला. काटेरी कुंपण थेट बांधाच्या माथ्यावरून गेलं, म्हणजे शेवटच्या तुकड्याला खाडीची बाजू त्यांच्या आत आणि शेताची बाजू गावाकडे. वर त्यांनी पावसाचं पाणी काढायला बांधाच्या पोटातून पाइप घातला. मातीच्या बांधात पाइप घातला की त्याच्या कडेकडेने पाणी वाट काढतं. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातली कुठलीही बाई भाकरी थापता थापता हे सांगेल. पण डेपोच्या इंजिनिअरला बाईला विचारण्यात कमीपणा वाटला असणार. गावाने तक्रार केली, मीच लिहिली. उत्तर आलं: 'सदर ठिकाणी अशी कोणतीही आस्थापना अस्तित्वात नाही.' हे उत्तर घेऊन जो शिपाई आला तो डेपोच्याच जीपमधून उतरला. तेव्हाही माझं डोकं फिरलं होतं, पण तेव्हा मी हसून सोडून दिलं. चुकलंच माझं.

गेल्या पितृपक्षातल्या अष्टमीला काळुरामची तिथी होती. चंद्रावती त्याचं पान घरात ठेवत नाही, बांधावर ठेवते. "घरात कवा जेवला तो?" म्हणते. त्या सकाळी तिने केळीच्या पानावर भात, वडे, खीर असं सगळं ठेवलं, कावळा शिवला, आणि मग ड्रोन सोडला. पुढच्या बुधवारी सर्वपित्री अमावास्या, म्हणजे वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण, आणि भात दाण्यात आलेलं. त्यामुळे ती बांधाचा हात न् हात बघत होती.

तीन पिवळ्या रेघा दिसल्या. पहिल्या जागी एका गाठीचा बांबू रोवला. दुसऱ्या जागी दोन गाठींचा. तिसरी रेघ मात्र चांगली खळ्याएवढी रुंद होती आणि ती पाइपाच्या कडेने थेट कुंपणाखाली जात होती. बाई लंगडत तिथे गेली, पालथी पडून बघितलं. भोकाचं तोंड कुंपणाच्या आत, खाडीच्या अंगाला. आणि भोक नेहमी खाडीच्या तोंडाकडूनच बुजवावं लागतं, शेताकडून माती लोटली तर पाणी शेजारून फुटतं. तोंडावर बांबू रोवायला जागा नव्हती. मग तिने काय केलं, तीन गाठींची चिंधी थेट कुंपणाच्या तारेला बांधली.

हीच तिची चूक. मी तिला नंतर म्हटलं, "अगो बाय, चार हात अलीकडे बांधायची होतीस!" तर माझ्यावरच डाफरली. "तोंडावर बांधायची ती तोंडावरच. अलीकडं बांधली तं मानसा भलतीकडंच खनत बसतील, आनि पानी घुसंल दुसरीकडून." तीस-पस्तीस वर्षं नवऱ्याचं आणि स्वतःचं हेच काम बघितलेल्या बाईला लष्करी तार आणि साधी तार यातला फरक त्या घडीला दिसलाच नाही. तिला भोक दिसत होतं.

दहा मिनिटांत दोन जवान आले, अर्ध्या तासात जीप आली आणि दुपारच्या आत ती पोलीस ठाण्यात होती. जप्तीचा कागद माझ्याकडे आहे, जसाच्या तसा सांगतो. ड्रोन, नग एक. मोबाईल, नग एक. बांबू, नग दोन. गाठी मारलेल्या लाल कापडी पट्ट्या, नग तीन, सांकेतिक स्वरूपाच्या. केळीच्या पानावरील शिजवलेले अन्न, प्रयोजन संशयास्पद. म्हणजे काळुरामचं पान जप्त झालं! पिशवीत घालून, लाखेचं सील ठोकून. मेलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेऊन कपाटात ठेवणारं खातं मी तेवीस वर्षांत बघितलं नव्हतं.

चौकशी सहा तास चालली. हर्षद शिफ्ट टाकून रोह्याहून आला होता आणि त्याने मला बोलावून घेतलं होतं, आम्ही दोघं दाराशी उभे होतो.

"एक गाठ म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"खेकडा."

"खेकडा हे कुणाचं टोपणनाव?"

बाई माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघितलं.

"आणि तीन गाठी?"

"सगल्यांनी या."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी? किती जण? कुठून येणार होते?"

"गावातनं," ती म्हणाली. "घमेली घेऊन." साहेबांनी 'घमेली' लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

हर्षदने स्वतःचा मोबाईल पुढे केला. नकाशा दाखवला, बघा साहेब, हिरवं आहे. साहेब त्याच्याकडे कीव केल्यासारखे बघत म्हणाले, "नकाशात लाल दाखवलं तर तिथे काहीतरी आहे हे शत्रूला कळणार नाही का?"

"मग आम्हाला कसं कळायचं?"

"तुम्हाला कळायची गरजच काय?"

या उत्तरावर त्या खोलीतलं कुणीही हसलं नाही. देशाचं रक्षण मलाही हवंय हो. सीमेवर धामधूम झाली तेव्हा आमच्या आळीतही दिवे घालवले होते, मीही घालवले. पण शत्रू आकाशातून सगळा डेपो बघत असणार, फाट्यावरचा वडासुद्धा बघत असणार, आणि न बघायची सक्ती कुणावर, तर चंद्रावतीवर. अक्कल गहाण टाकायची म्हणजे किती?

संध्याकाळी तिला सोडलं, पण हातात आदेश देऊन. शासकीय गुपितांच्या कायद्याखाली चौकशी चालू असेपर्यंत संवेदनशील हद्दीपासून तीनशे मीटरच्या आत तिने किंवा ग्रामस्थांपैकी कुणीही जाऊ नये, खोदकाम करू नये, माती टाकू नये, निशाण लावू नये. तीन भोकं त्या तीनशे मीटरच्या आत आणि अमावास्येला सात दिवस.

पहिला अर्ज मी त्याच रात्री लिहून सकाळी दिला. बांधाची भोकं बुजवू द्या, एवढंच. खिडकीतला कारकून म्हणाला, "हद्द कुठून कुठपर्यंत ते लिहा."

"ते आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."

"ते गोपनीय आहे."

"मग लिहू कसं?"

"मग अर्ज अपूर्ण आहे."

दुसऱ्या अर्जात मी लिहिलं, 'काटेरी कुंपणापासून'. तो परत आला. कुंपणाची माहिती अर्जदारास कोठून मिळाली याचा खुलासा करावा. कुंपण आठ फूट उंच आहे, हो! त्यावर पाटी आहे! तिसऱ्यात मी लिहिलं, 'जिथे काहीही अस्तित्वात नाही त्या ठिकाणापासून'. बायको म्हणाली, असं लिहू नका. मी लिहिलं. शेरा आला, 'भाषा सभ्य ठेवावी'. चौथा शनिवारी दिला, त्याची पोचसुद्धा मिळाली नाही.

सोमवारी कुणीतरी सांगितलं की डेपोचं काम बघणारे मोठे साहेब रोह्याला बसतात. पेणहून गाडीने निघालो, मी आणि चंद्रावती. रोहा स्टेशनातल्या पुलाचे जिने ती कठड्याला धरून एकेक करून उतरली. ऑफिस म्हणजे भाड्याचा बंगला, पाटी नाही, नाव नाही, पडदे ओढलेले. रिक्षावाल्याला पत्ता कसा सांगावा याचा मी विचार करतोय तोवर तोच म्हणाला, "डेपोच्या ऑफिसला ना? बसा."

साहेब सभ्य होते. चहा मागवला, बाईला खुर्ची दिली. शिव्या घालणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं.

चंद्रावतीने चहाला हात लावला नाही. "साहेब, मी आत येत नाय," ती म्हणाली. "गावातला कोनी येनार नाय. तुमचीच चार मानसा घ्या. मी कुंपनाच्या भायेर उभी राहून बोट दाखवते, तिथं माती टाकाची. दोन तासांचा काम हाय."

"पण आतल्या बाजूला भोक आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"भात पिवला पडलाय ना. रेघ तिकडंच जाते."

"म्हणजे बाहेरच्या खुणांवरून तुम्ही आतली माहिती काढलीत." साहेबांनी डायरीत लिहिलं. "बाई, तिथे भोक आहे हे मी मान्यही करू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही."

मी म्हटलं, "साहेब, पाणी थांबणार नाही तुमच्या मान्य करण्यासाठी. परवा दुपारी साडेबाराला येणार आहे ते."

त्यांनी चटकन मान वर केली. "एवढी नेमकी वेळ तुम्हाला कुणी दिली?"

"अमावास्येला भरती दुपारीच असते, साहेब," चंद्रावती म्हणाली. तिने इतक्या समजुतीने सांगितलं की मला रडू यायचंच बाकी राहिलं. साहेब म्हणाले, प्रस्ताव वर पाठवतो. माझा पाचवा अर्ज त्यांनी ठेवून घेतला.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसल्यावर ती एकदम बोलली, "अकरा वर्सा, दत्ताभाव. एक खांड पडू दिली नाय मी." आणि चष्मा काढून पदराने डोळे पुसायला लागली. मी चहा आणायच्या निमित्ताने उठलो. मला तिच्याकडे बघवेना. माझ्या पाच अर्जांची मला लाज वाटत होती.

बुधवारी, अमावास्येच्या सकाळी, परवानगी आली नव्हती. येणारच नव्हती. नऊ वाजता, भरतीचं पाणी अजून बांधापासून लांब होतं तेव्हा, चंद्रावती बांधावर निघाली, आणि तिच्यामागे चाळीसेक बायका, घमेली घेऊन. पुढे इंदुबाई. मीही होतो, फावडं घेऊन, जन्मात पहिल्यांदा. गावचे पुरुष पारापाशी उभे होते. कुणाच्या पोराची पोलिसातली भरती अडेल, कुणाचा पासपोर्ट अडेल. एरवी कोर्टाच्या समन्समध्ये भजी बांधून खाणाऱ्यांना त्या दिवशी एकाएकी कायद्याचा आदर दाटून आला होता. सात-आठ जण आले मागून, मान खाली घालून. आले ते आले म्हणायचं.

जवानांनी शिट्ट्या मारल्या. एकाने बंदूक खांद्यावरून हातात घेतली. चंद्रावती न थांबता ओरडली, "गोली घालाची तं आता घाल. भरती चढल्यावर आमाला टाइम नाय!"

कुणी गोळी घातली नाही. पहिलं भोक पाऊण तासात बुजलं, दुसरं अकराच्या आत. तोवर खाडीचं पाणी चढत बांधाला लागलं होतं. सगळ्या बायका कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. तारेपलीकडे, चार पावलांवर, तिसरं भोक. आता ते तारेच्या बाहेरून उभ्यानेही दिसत होतं. पाणी त्यात गुळण्या केल्यासारखं आत-बाहेर होत होतं.

पहाऱ्यावरचा जवान चांगला मिशीवाला, चाळिशीचा, बिहारकडच्या कुठल्याशा नदीकाठचा. त्याने भोकाकडे बघितलं आणि म्हणाला, "माताजी, ये तो जाएगा." त्याला कळलं. त्या सगळ्या खात्यात कळलं ते त्या एकट्याला. त्याने फोन लावला. एकदा, दोनदा, चारदा. चौथ्या वेळी वरून आलेलं उत्तर त्याने आम्हाला सांगितलं, तेव्हा तो आमच्याकडे बघत नव्हता. सदर भोक हा गुन्ह्यातला पुरावा आहे. पंचनामा होईपर्यंत त्याला कुणीही हात लावू नये.

रोह्याला ते भोक मान्य नव्हतं, नाकारलेलंही नव्हतं. दोन दिवसांत त्याचा पुरावा झाला!

जवानाने फोन खिशात टाकला, बूट काढले आणि चौकीपुढची वाळूची पोती एकट्याने ओढत आणून भोकात टाकायला लागला. चंद्रावती तारेला धरून सांगत होती, "आडवा टाक... आडवा, बाला... खाली दाब." त्याला मराठी येत नव्हतं, पण तो बरोबर टाकत होता. चार पोती टाकली. आणखी चाळीस हवी होती. आणि हवे होते चाळीस जोड हात, जे तारेच्या अलीकडे रिकामे उभे होते.

बारा चाळीसला बांध बसला. फार आवाज झाला नाही. माती भिजल्या भाकरीसारखी खचली, कुंपणाचे वीसेक खांब आडवे झाले आणि पाणी शेतात गेलं. दोनशे एकर, दाणा भरलेलं भात. इंदुबाईने तोंडावर पालथा हात मारून घेतला. चंद्रावती रडली नाही. ती पाण्याकडे बघत नुसती उभी होती, आणि पाणी घोट्यापर्यंत आलं तरी हलली नाही. मी आणि इंदुबाईने धरून तिला वर काढलं.

दोन दिवसांत डेपोचं कुंपण नवं झालं. पोकलेन आला, खांब आले, प्रस्ताव-बिस्ताव काही लागला नाही. बांधाला मात्र नुसता भराव टाकला, आणि पाइप होता तिथेच ठेवला.

मग नुकसानीचे कागद सुरू झाले आणि त्यात एक रकाना निघाला, 'बांध फुटण्याचे कारण'. तिथे गाडी अडली. भोक लिहावं तर भोक कुठे होतं ते लिहावं लागतं, आणि ते ठिकाण तर अस्तित्वात नाही. महिनाभर सगळे त्या रकान्याभोवती फिरले. शेवटी दिवाळीनंतर एका दुपारी एक माणूस माझ्या टेबलापाशी आला, साध्या कपड्यात, हातात लिफाफा. चंद्रावतीला बोलावून घ्या म्हणाला. ती आली, हर्षद आला, आणि गावचे चारजण न बोलावता आले.

लिफाफ्यात तयार जबाब होता. मीच मोठ्याने वाचला. 'सदर बांधास कोणतेही भोक नव्हते व मी ते पाहिलेले नाही. ड्रोन मी हौसेखातर उडवला. कापडी पट्ट्या करमणूक म्हणून बांधल्या. बांध नैसर्गिक उधाणाने फुटला.' खाली सहीला जागा. सही केली की गुन्हा मागे, ड्रोन परत, आणि नैसर्गिक आपत्ती म्हणून गावाला मदत मोकळी.

"कर सही, चंद्राबाय," गावातला एकजण म्हणाला. "तुजा काय जाते? सुटशील तू."

"आणि पोराचा विचार करा," तो साध्या कपड्यातला माणूस म्हणाला. "कंपनीत पोलीस पडताळणी असते."

हर्षदने आईकडे बघितलं आणि म्हणाला, "आये, माझा बघू नको. तुला वाटंल ता कर."

तिने कागद हातात घेतला, चष्म्याची सुतळी नीट केली आणि स्वतः एकदा वाचला, ओठ हलवत. सातवी शिकलेली बाई, वेळ लागला.

"पाइप काढनार काय?" तिने विचारलं.

"त्याचा याच्याशी संबंध नाही."

"भोक नव्हता म्हनून लिवला तं पाइप कशाला काढतील?" ती गावच्या चौघांकडे वळली. "पैसं घ्याल, भराव पडलाय म्हनून निजाल, आनि पुढच्या सर्वपित्रीला परत फुटंल. मंग परत माजी हौस काय?"

तिने कागद उलटा केला आणि माझ्यापुढे ठेवला.

"लिव, दत्ताभाव. भोक होता. पाइपाच्या कडेनी होता, कुंपनाच्या आत होता. मी डोल्यांनी पायला, ड्रोननी पायला आनि पालथी पडून पायला."

मी पेन उचललं. तो माणूस घाईने म्हणाला, "बाई, थांबा. आतलं पाहिलंत असं लिहून दिलंत तर तुम्ही स्वतःच गुन्हा कबूल करताय. समजतंय का?"

"समजते," चंद्रावती म्हणाली. "कबूल हाय. आधी भोक बुजवा, आनि मंग मला न्या."